अज्ञान व्यक्तीशी केलेला करार

मी रागीट आहे असं लोक म्हणतात. मी रागीट नाही, मला ऐकू येतं. बशीवर चमचा घासला, कुणी चहाचा घोट ओढून प्यायलं, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची न उचलता सरकवली, की माझ्या कपाळाला आठी पडते आणि लोक म्हणतात, बाई तापल्या. यात माझा दोष नाही, माझ्या पोटापाण्याचा आहे. ज्यांना दिसत नाही अशांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं एक ग्रंथालय आहे, तिथे मी संपादक आहे. काम एकच. पुस्तकात नाही ते कानांनी शोधायचं आणि कापून टाकायचं. श्वास, खाकरणं, पानाची सळसळ, पोटातली गुरगुर. एकदा वाचणाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ मला अख्खं प्रकरणभर टिकटिकताना ऐकू आलं. मी ते प्रकरण त्याला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. तोच पुढे माझा नवरा झाला. घड्याळ त्याने तेव्हापासून घातलेलं नाही.

ग्रंथालयात त्याला घसा म्हणतात आणि मला कान. आमचं लग्न ठरलं तेव्हा ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आता नाकाची तेवढी सोय बघा." नाक आलं, चांगलं बटणाएवढं, पण त्याच्या खालून जो आवाज निघाला त्याने दवाखान्यातल्या परिचारिकेने दोन्ही कानांवर हात ठेवले. "काय हो, भोंगा आणलात की!" ती म्हणाली. चिरंजीवांना तेच नाव चिकटलं.

भोंगा दिवसभर शहाण्यासारखा असायचा. संध्याकाळी दिवे लागले की मात्र त्याच्या अंगात यायचं. झोप डोळ्यांवर असायची, पण झोपणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटत असावा. आम्ही त्याला खांद्यावर घेतलं, पायांवर घेतलं, खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या दाखवल्या. मी गाऊन पाहिलं. माझा आवाज ऐकून तो क्षणभर गप्प झाला, माझ्याकडे नीट बघत राहिला आणि मग दुप्पट जोराने रडला. माझ्या पोराचा कान चांगला आहे, एवढं समाधान मी मानून घेतलं.

मग एका संध्याकाळी घशाला दुसऱ्या दिवशीची पानं चाळून ठेवायची होती. कायद्याचं जाडजूड पुस्तक, करारांवरचं. अवघड शब्द आधी तोंडात घोळवून ठेवावे लागतात, नाहीतर ऐन वेळी जीभ अडखळते आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर काचेपलीकडे कान बसलेला असतो. तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते, पण त्याची सवय ती सवय. हातात पुस्तक, छातीवर भोंगा, असा तो आरामखुर्चीत बसला आणि हळू आवाजात वाचू लागला. "एका पक्षाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्या पक्षाने तो स्वीकारावा..." दुसऱ्या पक्षाने लगेच स्वीकारला. स्वीकृतीची व्याख्या संपायच्या आत भोंगा गाढ झोपला होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू घरात खजिना सापडला आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी करारांचा कायदा. ग्रंथालयातलं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं, म्हटलं बापाला तेवढीच उसंत; पण भोंग्याला डब्यातून येणारा बाप नको होता, छातीला कान लावून ऐकायचा बाप हवा होता. घसाही त्यात रमला. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे लांबवायचा, वाक्याच्या शेवटी कसं अलगद उतरायचं, हे त्याला नेमकं कळलं. माझी तर चैनच झाली. ते वाचन सुरू झालं की मीही पलंगावर आडवी व्हायचे आणि दुसऱ्या परिच्छेदाला घोरायचे. त्या पुस्तकाचं पहिलं पान मला पाठ होतं. दुसऱ्या पानावर काय आहे याची मला अजिबात कल्पना नव्हती. आणि तिथेच सगळं बिनसलं, पण ते कळलं नंतर.

फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. वकीलीणबाईंचा. ती वकील झालेली नव्हती, व्हायची होती, पण वाद घालायची हौस एवढी की ग्रंथालयात सगळे तिला आधीपासूनच तसं म्हणत. लहानपणापासून तिला दिसत नाही. एका वकिलाच्या कचेरीत ती फोन घेते, आणि कचेरी सुटली की कानांत आमची पुस्तकं घालून अभ्यास करते. करारांचं ते पुस्तक तिच्याचसाठी वाचणं चाललं होतं. मशीनने वाचलेलं तिने ऐकून पाहिलं होतं. "ते स्वल्पविराम गिळतं," ती म्हणाली होती, "आणि कायद्यात एक स्वल्पविराम गिळला तर माणूस तुरुंगात जातो."

"दादा, रागावू नका," ती फोनवर म्हणाली. "तुमचा आवाज हल्ली फार गोड झालाय."

"अगं, थँक यू!"

"ही तक्रार आहे, दादा."

घशाने घास खाली ठेवला.

"प्रस्ताव म्हणजे काय, इथपर्यंत मी जागी असते. स्वीकृती कधी होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी बसून ऐकलं, उभं राहून ऐकलं. उभ्या उभ्या पेंगले, दारावर डोकं आपटलं. कचेरीत दुपारी ऐकायला गेले, तर फोन वाजतोय आणि मी टेबलावर. साहेब काही बोलले नाहीत. पण ते मला फोनवरून उचलून हाताखाली वकील म्हणून घेणार आहेत, ते मी यंदा पास झाले तरच. नाही झाले तर त्यांना थांबता येणार नाही, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी जाईल. दादा, बाकीचे विषय माझे तयार आहेत. याच पुस्तकावर माझं सगळं अडलंय."

घशाने फोन ठेवला. मी उठले, त्या महिन्यांत त्याने ध्वनिमुद्रित केलेली प्रकरणं मागवली, शेगडीवर दूध ठेवलं आणि कानांना हेडफोन लावले. चूक एकही नव्हती. उच्चार लख्ख. माझ्या रजेत जी मुलगी माझ्या जागी बसत होती तिने शब्द न् शब्द तपासला होता, तिला बोल लावायला जागा नव्हती. पण प्रत्येक वाक्य शेवटाला येऊन असं हळूच बसत होतं, जसं म्हातारं माणूस गादीवर बसतं. वाक्यामागून वाक्य. बसलं, टेकलं, पडलं. मी डोळे उघडले तेव्हा दूध उतू जाऊन सगळी शेगडी पांढरी झाली होती आणि सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "वास येत नव्हता का?"

"अहो आई, मी काम करत होते."

"दिसलं मला काम."

तर असा घोटाळा झाला होता. पोराला झोपवायला कमावलेला आवाज पोराजवळ राहिला नव्हता, तो बापाबरोबर कामाला जाऊ लागला होता. आणि तो पकडायला जिचा कान हवा, ती घरी पलंगावर घोरत पडली होती.

मी रजा मोडली. दिवसभर भोंग्याला सांभाळायची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. त्या जलतरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवतात, तेव्हा रडण्याला त्या भीत नाहीत. त्यांच्या मते रडणारं मूल म्हणजे श्वास चांगला चालणारं मूल. मधल्या वेळी मी दूध पाजायला घरी धावत यायचे आणि पुन्हा धावत परत. घसा काचेच्या आत, मी बाहेर.

त्याने उभं राहून वाचलं. तोंडावर गार पाणी मारून वाचलं. मी तोंडाजवळच्या माइकवर ओरडायचे, "झोपवतोयस!" तो दचकायचा, दोन वाक्यं खणखणीत वाचायचा, आणि तिसरं पुन्हा गादीवर जाऊन बसायचं. एकदा मी इतकी वैतागले की म्हणाले, "अरे, तुला पूर्वी कसं जमत होतं?" हे बोलायला नको होतं. तो काचेमागून बाहेर आला, पाणी प्यायला आणि खाली बघत म्हणाला, "मला तो आवाज सापडतच नाहीये. मी शोधतोय गं. वाक्य सुरू झालं की मला छातीवर त्याचं डोकं जाणवतं."

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मला त्याची दयाही आली आणि भीतीही वाटली. हा माणूस दुसरं काही करत नाही. त्याला दुसरं काही करायचं नाही. शाळेत असताना त्याने शेजारच्या एका आजोबांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली, ती अजून संपलेली नाही. उद्या त्याला कुणी म्हणालं, तुझं वाचन ऐकवत नाही, तर तो मोडून पडेल. आणि त्याआधी ती मुलगी नापास होईल.

संध्याकाळचं वाचन आम्ही बंद केलं. त्या पहिल्या संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. घसा दुसऱ्या खोलीत उशीत तोंड खुपसून बसला होता. त्याला जाऊन चार ओळी वाचाव्याशा वाटत होत्या आणि मी दारात आडवी उभी होते. शेवटी सासूबाईंनी पोराला उचललं, पोटावर आडवं धरलं, आणि तलावावर म्हणतात तसं म्हणू लागल्या, "हात, हात, हात, श्वास. हात, हात, हात, श्वास." तोही तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. भोंगा बराच वेळ रडला, मग उचक्या देत ऐकत राहिला, मग झोपला. म्हणजे बापाचा आवाज चालतो, आजीचा चालतो. फक्त आईचा चालत नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण घशाचा आवाज काही परत येईना. परीक्षा जवळ येत चालली. एका दुपारी वकीलीणबाईंचा पुन्हा फोन आला, किती प्रकरणं झाली विचारायला. एकही झालेलं नव्हतं. मी आधीच चिडलेली, बोलून गेले, "तूच ये आणि बस त्याच्यासमोर! तू पेंगलीस की मी काच वाजवते. म्हणजे त्यालाही कळेल कुठे झोपवतोय ते."

"येते," ती म्हणाली. "कधी येऊ?"

काचेच्या आत वाचणाऱ्याखेरीज कुणी बसायचं नाही, हा ग्रंथालयाचा नियम. तो माझ्याच आग्रहाने झालेला. मी ग्रंथपालबाईंकडे पाहिलं नाही आणि दुसरी खुर्ची आत नेऊन ठेवली.

वकीलीणबाई आली, काठी घडी करून मांडीवर ठेवली, हनुवटी पुढे काढली. घसा वाचू लागला. दोन वाक्यं झाली आणि ती म्हणाली, "थांबा. हे मला पटत नाही."

"पटायचं काय आहे? कायदा आहे तो."

"प्रस्ताव परत कधीही घेता येतो? मग तो मांडायचा कशाला?"

"कधीही नाही. ऐक ना नीट. स्वीकृती रवाना होण्याच्या *आधी*," घसा म्हणाला आणि ते वाक्य त्याने पुन्हा वाचलं. 'आधी' हा शब्द असा काही पडला की बाहेर माझ्या यंत्रावरचा काटा उडाला.

मी सरसावून बसले.

पुढचे दिवस असे गेले. तो वाचायचा, ती भांडायची. "छे!" "हे दोनदा का लिहिलंय?" "हां, आत्ता कुठे कळलं." कुठे ती गप्प बसली तर तोच काळजीने वर बघायचा, कळलं का तिला, आणि पुढचं वाक्य जास्त उलगडून वाचायचा. आजवर तो माइकला वाचत होता, मग झोपणाऱ्या पोराला वाचू लागला. आता समोर टक्क जागं माणूस होतं, आणि तेही हट्टी. वाक्यं गादीवर बसायची बंद झाली. ताठ उभी राहू लागली. माझी मात्र वाट लागली, कारण तिचा प्रत्येक "छे" मला कापावा लागत होता. कधी कधी दिवसभर ऐकलेल्यातलं निम्मं मी केराच्या टोपलीत टाकायचे. पण मी खूश होते. इतकी खूश की वरच्या मजल्यावरची खुर्ची मला ऐकू यायची बंद झाली होती.

शेवटची काही पानं उरली त्या दिवशी सासूबाईंच्या मुलांची पोहण्याची शर्यत होती. भोंग्याला सांभाळायला कुणी नाही. मी त्याला ग्रंथालयात घेऊन आले. माझ्या मांडीवर बसून त्याने काचेपलीकडे बाप पाहिला, बापाचं तोंड हलताना पाहिलं, आवाज मात्र येईना, कारण तो माझ्या हेडफोनमध्ये. ही फसवणूक त्याला सहन झाली नाही. त्याने जो सूर लावला त्यापुढे मला काही ऐकू येईना.

वकीलीणबाईला मी आत जाऊन सांगितलं, आज राहू दे. ती म्हणाली, "वहिनी, परीक्षा पुढे जात नाही. आणा त्याला इकडे."

"अगं, तो सगळं वाटोळं करेल."

"मग तुम्ही कापा. तुम्हाला आवडतं ना कापायला?"

मी भोंग्याला तिच्या मांडीवर दिलं. त्याने लगेच तिची घडी घातलेली काठी पकडली आणि चोखायला घेतली. मी बाहेर येऊन हेडफोन चढवले. घसा धास्तावलेला दिसत होता. मला कळलं त्याला कशाची धास्ती आहे. पोर समोर आलं की आवाज पुन्हा तिकडेच घसरणार.

पानावर अज्ञान व्यक्तींचं कलम होतं. कायद्यात, ज्याला अठरा वर्षं पूर्ण झालेली नाहीत त्याला अज्ञान म्हणतात.

"अज्ञान व्यक्तीने केलेला करार," घशाने सुरुवात केली. पहिलंच वाक्य खाली खाली जायला लागलं. मी काच वाजवायला हात उचलला.

"अज्ञान म्हणजे हाच ना?" वकीलीणबाई म्हणाली. तिने भोंग्याला आपल्याकडे वळवलं. "ऐक रे बाबा नीट, तुझ्यावरचं कलम आहे. दादा, त्याला समजेल असं वाचा. पक्षकार हजर आहे."

घशाला हसू आलं. त्याने मान ताठ केली, पुस्तक हातभर लांब धरलं आणि भरल्या कोर्टात वाचावं तसं पोराकडे बघून वाचलं, "अज्ञान व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक नाही!"

आणि भोंगा हसला.

ओठ फाकवून नाही, तसं तो कधीपासून करत होता. आवाज काढून हसला. तोंडातून काठी पडली, क्षणभर काहीच नाही, आणि मग पोटातून खळखळ. असं तो त्याआधी कधीच हसला नव्हता. मी काचेबाहेर होते, पण हेडफोनमुळे ते हसू माझ्या दोन्ही कानांच्या आत झालं, त्याच्या श्वासासकट.

घसा वाचायचा थांबला. त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं. मी रडत होते.

"थांबलात का?" वकीलीणबाई म्हणाली. "पुन्हा वाचा तेच." त्याने पुन्हा वाचलं, भोंगा पुन्हा हसला. मग ते कलम आम्ही किती वेळा वाचलं ते विचारू नका. पुढची सगळी पानं घशाने पोरासमोर वाचली, आणि आवाज एकदाही खाली बसला नाही.

त्या संध्याकाळी मी ते प्रकरण संपादित केलं. हसू पुस्तकात नव्हतं. मी ते कापलं. केराच्या टोपलीत नाही टाकलं, घरासाठी वेगळं ठेवलं, पण प्रकरणातून काढलं. माझ्या हाताला दुसरं काही माहीत नाही. जोड इतका सफाईचा होता की माझा मलाच तो सापडला नसता. पुस्तक पूर्ण करून मी वकीलीणबाईला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"वहिनी, माझं हसू कुठे गेलं?"

"तुझं? माझ्या पोराचं हसू आहे ते. आणि पुस्तकात ते नाही."

"माझ्या पुस्तकात होतं. मी तिथे बसले होते." मग वाद घालायचा आवाज सोडून ती साधेपणाने बोलली. "तुम्ही डोळ्यांनी वाचता, तुम्ही पानाचा कोपरा दुमडता ना? खाली रेघ मारता, चहाचा डाग पडतो, आणि नंतर आठवतं, ते त्या डागाच्या वर होतं. आम्हाला तुम्ही कोरी पानं देता, वहिनी. सगळी सारखी, गुळगुळीत. आम्ही कोपरा कुठे दुमडायचा?"

इतकी वर्षं मी हे काम करते आहे. माझ्या कानांचं कौतुक सगळे करतात, मी स्वतः सगळ्यात जास्त करते. पण ऐकणाऱ्याला काय लागतं, हे मी कुणाला कधी विचारलं नव्हतं. भोंगा खांद्यावर होता, माझ्या कानाशी त्याचं 'अं, अं' चाललं होतं.

"दुपारपर्यंत पाठवते," मी म्हणाले.

वकीलीणबाई पास झाली. वरच्या श्रेणीत नाही, पण पास. निकालाच्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि सासूबाईंशी पोहायला शिकण्याच्या अटींवर तासभर वाद घालून गेली. आता कचेरीतला फोन दुसरं कुणी घेतं.

ते पुस्तक इतरांसाठी कपाटात जायच्या आधी ग्रंथपालबाई नेहमीप्रमाणे स्वतः ऐकत होत्या. मी पलीकडच्या टेबलाशी होते. त्यांनी हेडफोन काढले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून असं काही सुटलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"कान, अगं, अज्ञान व्यक्तींच्या कलमात एक आवाज राहिलाय."

"राहिला नाही, बाई," मी म्हणाले. "ठेवलाय."